निळ्याचं पांढरं

झेंडा येईना. बाकी सगळं आलं होतं. डिशमध्ये डेव्हलपरखाली कागद पडून होता आणि लाल दिव्याच्या उजेडात त्यावर आधी केस आले, मग उघडी तोंडं, मग काठीवर आवळलेल्या मुठी, मग ती काठी. काठी वरपर्यंत गेली आणि थांबली. तिच्या टोकाला जिथे झेंडा असायला हवा होता तिथे नुसता कोरा कागद होता. प्रेमाने डिशचा एक कोपरा उचलला, सोडला, पुन्हा उचलला. दीड मिनिट झालं. दोन मिनिटांत यायचं तेवढं येतं, त्यानंतर कागद फक्त धुरकटत जातो, हे तिला पाठ होतं. तरी ती तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत राहिली. दोन मिनिटं दहा सेकंदांना एक फिकट रेघ उमटली. वाऱ्याने कापडाला पडलेली चुणी. झेंडा तिथे होता तर. फक्त तो पांढरा होता. आणि झेंड्याखालच्या बायका, ज्यांनी काल अख्ख्या टेकडीवर निळ्याशिवाय दुसरा रंग दिसू दिला नव्हता, त्या सगळ्या पांढरं नेसून तिच्याकडे चालत येत होत्या.

"काय गो, आत रवलंस की काय? माका तो हिरवो फिल्टर होयो आसा." दाराबाहेरून दत्ताराम परबांचा आवाज आला. पवईच्या ज्या संस्थेत प्रेमा वर्षभर नोकरी करत होती, तिथल्या धातूंच्या प्रयोगशाळेला जोडून जी अंधारखोली होती, ती परबांचीच होती. तिथे बावीस वर्षं त्यांचं राज्य होतं आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःचे फोटो करायची परवानगी त्यांनीच प्रेमाला दिली होती. कागद छाप पक्का करणाऱ्या हायपोत गेल्यावर तिने कडी काढली. परबांनी चष्मा कपाळावर चढवला, डिशवर वाकून पाहिलं, आणि पोटातून हसले. "पांढरो बावटो? कोणाक शरण गेलात गो तुमी?"

"काका, तो निळा आहे."

"निळो?" त्यांचं हसू थांबलं. "फिल्म खयची घातलंस?"

"आपलीच. डब्यात उरलेले तुकडे. तुम्हीच दिलेत ना."

"अगो, ती ऑर्थो!" परबांनी चष्मा खाली घेतला. "स्टीलाक रंग नसता. माणसांका आसता."

हे वाक्य ऐकून तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण जरा मागाहून. त्याच्या आधी एक वेगळीच गोष्ट धावत वर आली. परीक्षेत उत्तर सुचलं की हात लिहायला आधी धावतो आणि डोकं मागून येतं, तसं काहीतरी. ऑर्थोक्रोमॅटिक. तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने धडाधड सांगितलं असतं: या फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून तर ती लाल दिव्यात उघडता येते, जे तिला दिसत नाही ते छापात काळं येतं, आणि निळा तिला इतका दिसतो, इतका जास्त दिसतो, की छापात तो जवळजवळ पांढरा होऊन बसतो. औरंगाबादला बी.एस्सी. होताना तिने ती वर्णपटाची आकृती तीनदा काढली होती. पण गेलं वर्षभर तिने या फिल्मवर पोलाद पाहिलं होतं. पोलादाचा तुकडा आधी खरखरीत कागदावर घासायचा, मग फिरत्या ओल्या कापडावर, आरशासारखा होईपर्यंत. मग त्याच्यावर पातळ नायट्रिक ॲसिड क्षणभर फिरवायचं. आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. सपाट आरशातून एकाएकी शेतांसारखे दाणे उठायचे, त्यांच्यामध्ये काळे बांध, आणि कुठे कुठे अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेघा. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. एवढं सगळं आत होतं आणि वरून नुसतं चकचकीत! मेहकर तालुक्यातून आलेल्या, मुंबईचा पहिला महिना तोंड मिटून काढलेल्या मुलीला त्या दिवशी वाटलं की हे शहरही असंच घासून, जरा ॲसिड लावून पाहायला हवं. मग मामाच्या ओळखीतल्या एकाचा जुना रशियन कॅमेरा आला. जड, विटेसारखा, शटर दाबलं की कपाटाचं दार आपटल्यासारखा आवाज करणारा. आणि परबांनी दिलेले फिल्मचे तुकडे. त्यांच्यावर तिने काय काढलं? पाण्याची थोरली पाइपलाइन, तिच्यावरच्या रंगाचे करडे पोपडे. खाणीतले दगड. पत्र्यांच्या नळ्या, डांबराच्या भेगा, सिमेंटच्या पोत्यांवर दवाने धरलेल्या खपल्या. सगळं करडं. करड्या वस्तूंचं कोणत्याही फिल्मवर करडंच येतं. वर्षभर ती एका डोळ्याने आंधळ्या असलेल्या माणसाबरोबर हिंडत होती आणि तिला ते कळलंच नव्हतं, कारण त्या बाजूने कधी कुणी आलंच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर साधी फिल्म तिने मुद्दामच घेतली नव्हती. साधी फिल्म पूर्ण काळोखात, डबीत बंद करून धुवावी लागते. आत काय चाललं आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. ही लाल दिव्यात उघडी डिशमध्ये धुता येते. दोन्ही हातांत फिल्मची टोकं धरून ती पाळण्यासारखी खालीवर करायची आणि पाहायचं. दुधट पट्टीवर आधी काहीच नसतं, मग एका चौकटीत डाग, मग शेजारच्या चौकटीत, मग सगळ्या चौकटी एकदम जाग्या होतात. ते पाहण्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. आज सकाळीही ती तेच पाहत होती. झेंडे निगेटिव्हमध्ये दाट काळे उमटत होते आणि ती मनात म्हणत होती, वा, काय छान उमटतात! काळे म्हणजे छापात पांढरे, एवढा साधा हिशेब तिला त्या आनंदात सुचला नाही.

आता भीती आली. मामा आठवला. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत कुंडलिक मामाला सगळे ओळखत. तो पाणीखात्यात चावीवाला होता. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार ते त्याच्या हातातल्या कमरेएवढ्या लांब किल्लीवर अवलंबून. मार्चमध्ये तरुण मंडळाची बाबासाहेबांच्या जयंतीची बैठक विहारात बसली तेव्हा तो उठून म्हणाला होता, "दरसाल तो स्टेशनवरचा स्टुडिओवाला येतो, माणसं ओळीत उभी करतो अन् हसा म्हणतो. यंदा फोटो आपल्या घरची पोरगी काढेल. बी.एस्सी. आहे." मंडळाचा चिटणीस शिवदास, जो बँकेत होता आणि ज्याच्या शर्टाच्या खिशाला सदैव दोन पेनं असत, तो म्हणाला होता, "मामा, ती दगडांचे फोटो काढते यार. आम्ही काय दगड आहोत?" मामा लगेच म्हणाला, "दगडाचा बरा येतो, तर तुझा का नाही येणार?" त्या हशात ठराव झाला. फोटो वैशाख पौर्णिमेला विहारातल्या फलकावर लागणार, वर्षभर तिथेच राहणार. शेवटी मामा बोलून गेला, "बिघडले तर पुढच्या सालपासून बैठकीत मी तोंड उघडणार नाही." प्रेमाला मात्र फलकाहून वेगळीच गोष्ट हवी होती. आजवर तिने कॅमेरा वर केला की टेकडीवरच्या बायका पदर तोंडावर घेत, म्हातारे विचारत, "कशासाठी?" मंडळाने एकदा आपलं म्हटलं की तो 'कशासाठी' संपणार होता. तिला कुणाकडेही पाहता येणार होतं. मंडळाचा फोटोवाला एकदा ठरला की पाच-सहा वर्षं बदलत नसे; आणि एकदा गेला की परत येत नसे. म्हणजे एकतर आता माणसं, नाहीतर पुन्हा दगड.

काल रविवारी तिला परवानगीची चव कळली होती. दुपारी चार वाजताचं एप्रिलचं ऊन, फिल्म मंद म्हणून तिला हवं तेवढं कडक. नाक्यावर ढोल, बँजो, निळीच्या मुठी. बायका तिला पाहून पदर घेत नव्हत्या, उलट म्हणत होत्या, "प्रेमे, इकडून काढ, इकडून!" ती उलटी चालत होती, मिरवणूक तिच्यावर चाल करून येत होती. पाठीमागे कुणाची तरी हातगाडी लागली, कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला केलं, "ए ताई, मरशील ना!" आणि ती हसत पुन्हा उलटी चालू लागली. भिंगाचं छिद्र आठ, शटरचा वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग. तेहतीस फोटो. प्रत्येक खटक्याला तिला वाटत होतं की आपण एक दार आपटत नाही आहोत, उघडत आहोत.

"आता काय करतलंस?" परबांनी विचारलं.

"चोवीस निवडलेत. अजून तेवीस छापायचेत," प्रेमा म्हणाली. परब तिच्याकडे बघत राहिले. ती घाबरून बोलत नव्हती, हे त्यांना बहुधा कळलं असावं, कारण त्यांनी हिरवा फिल्टर घेतला आणि दार हळू ओढून घेतलं. तिने पुढचा कागद टाकला. आता ती झेंड्याची वाट पाहत नव्हती. आता ती पांढऱ्याची वाट पाहत होती. निळीने माखलेली पोरांची तोंडं राखेसारखी उजळली होती. ओठ काळे. पंचरंगी झेंड्यातला लाल पट्टा रात्रीसारखा, पिवळा मळकट, निळा गायब. निळ्या झेंड्यावरचं पांढरं चक्र झेंड्यातच विरघळून गेलेलं. हातांच्या शिरा, गालांवरचे व्रण, उन्हाने रापलेली कातडी, जे लालसर होतं ते सगळं दोन छटा गडद होऊन कोरल्यासारखं वर आलेलं, आणि त्याभोवती पांढऱ्या कापडांचा लोट. घासून ॲसिड लावलं होतं, आणि दाणे दिसत होते. आयुष्यात तिने याहून चांगलं काही काढलं नव्हतं आणि हे ती कुणालाही दाखवू शकत नव्हती.

बसमध्ये तिने पाकीट छातीशी धरलं होतं. तलावाच्या कडेने बस वळली तेव्हा तिने पाण्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की ती मनात छापत आहे: हे पाणी पांढरं येईल, आभाळ पांढरं, तो लाल टेम्पो काळा, शेजारच्या बाईची अबोलीची वेणी काळपट. कंडक्टरने दोनदा विचारलं, "कुठे?" तिला हसू आलं. वर्षभर या रस्त्याने ती येत-जात होती, आणि आज पहिल्यांदा तिला तो दोन वेळा दिसत होता.

घरी मामाने फोटो पाहिले, एकेक करून, अंगठा कडेला धरून. मग चुलीसमोर बसलेल्या मामीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "निळा आणता येते का यात? दौतीतली शाई असते ना. बारीक ब्रश आणून देतो." तिने एका फोटोवर करून पाहिलं. शाई कागदावरच्या जिलेटिनच्या थरावर बसली. शाळेच्या नकाशात समुद्र भरतात तशी. तिला परबांनी सांगितलेला तो विद्यार्थी आठवला, ज्याने फोटोत न आलेली दाण्याची कड पेनाने काढली होती आणि वर्षभर सगळे त्याला 'पेन्टर' म्हणत. तिने तो फोटो फाडला. "मामा, आलं नाही ते लिहिणार नाही मी."

"मग बैठकीत काय सांगू मी?" मामाने विचारलं.

"मी सांगेन."

मामा उठला. पाणी सोडायची वेळ झाली होती. कोपऱ्यातली किल्ली त्याने खांद्यावर घेतली. त्या पाठमोऱ्या खांद्याकडे बघताना तिला पहिल्यांदा चूक चुकीसारखी लागली. फोटो तिचे होते, शब्द त्याचा होता.

गुरुवारी संध्याकाळी विहाराच्या पत्र्याच्या सभागृहात सतरंजीवर चोवीस फोटो मांडले होते. शाईचा फाडलेला तिने तेवढ्यासाठी पुन्हा छापून आणला होता. ऊन तिरपं दारातून आत आलं होतं. पुढे मंडळाची पोरं, मागे भिंतीला टेकून बायका. शिवदास गुडघ्यांवर बसून एकेक फोटो उचलत होता. "मस्त आलाय हा," तो म्हणाला. "हा पण झकास. बाळ्या, तुझं तोंड बघ, ढोल खाऊन टाकशील असं दिसतंय." पोरं हसली. मग तो थांबला. त्याने पाच-सहा फोटो शेजारी शेजारी ठेवले. "ताई, निळा कुठाय?"

प्रेमा उभी राहिली. तिने सांगितलं. कुठेही 'सॉरी' न म्हणता, प्रयोगाच्या वहीत लिहावं तसं, आधी कृती मग निरीक्षण. सांगता सांगता ती रंगात आली, तिचे हात हवेत वर्णपट काढू लागले, इथे जांभळा, इथे निळा, इथे हिरवा, आणि इथून पुढे फिल्मला काळोख. पोरं खरंच ऐकत होती.

"म्हणजे फिल्म आंधळी," शिवदास म्हणाला.

"लालला आंधळी. निळ्याच्या बाबतीत उलट फार डोळस."

"एवढी डोळस, मग तिला निळा दिसला नाही?"

"इतका दिसला, की पांढरा झाला."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. शिवदास हसला नाही, पण रागावलाही नाही. "ताई, तुझं सायन्स बरोबर असेल. पण हे भिंतीवर वर्षभर लागणार. बाहेरचा माणूस आला की त्याला मी दरवेळी फिल्मचा धडा शिकवू? त्याला पांढरा झेंडा दिसणार. या निळ्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतलीत ना." तिला गावचं आठवलं: ती सात-आठ वर्षांची असताना सकाळी उठून पाहिलं तर वस्तीच्या तोंडाशी उभारलेली काठी मुळाशी कापलेली होती आणि आबा, तिचे वडील, चिखलात पडलेला झेंडा अंगरख्यात गुंडाळून आणत होते. तिने तेव्हा विचारलं होतं, धुतला की निळा राहील का? राहील, ते म्हणाले होते. शिवदासचं बरोबर होतं. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की त्याचंही एक विचित्र सुख झालं, आणि तरीही ते फोटो तिथे सतरंजीवर पडून होते, आणि तेही बरोबर होते. दोन बरोबर गोष्टी एकमेकींना मारत नव्हत्या. नुसत्या शेजारी बसल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून सोनूबाई उठली. ती कारंजाकडची, साठीच्या घरातली. बावीस वर्षं तिने मुलुंडला औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या होत्या. दिव्यासमोर बाटली धरायची, एकदा काळ्या फळीपुढे, एकदा पांढऱ्या, आत केसाएवढा कण असेल तर बाजूला काढायची. तिने पोरांमधून वाट काढली, एक फोटो उचलला, दारात उन्हात गेली आणि तो बाटलीसारखाच तिरपा करून पाहू लागली. डावीकडून. उजवीकडून. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"हे नागपूर हाय," सोनूबाई म्हणाली.

"आजी, आपला नाका आहे तो," शिवदास म्हणाला. "तो बघ, रेशनच्या दुकानाचा बोर्ड."

"मले दिसते ना, बाबू. बोर्ड वाचता येते मले. हाय तो नाकाच. मी म्हणतो, नागपूरले असंच होतं." तिने फोटो छातीशी धरला नाही, डोळे पुसले नाहीत, हिशेबाची चूक सापडल्यासारखी ती खूश झाली होती. "छप्पन साल. दीक्षेचा दिवस. सगळ्यायनं पांढरं नेसून या म्हणे. मायाजवळ कुठून येते पांढरं? नवरा जिता असताना पांढरं कोण नेसते? सासूनं शिव्या देल्ल्या. मालकाचे दोन धोतरं होते, ते मधात जोडले अन् नेसली. टाका इथं यायचा, मांडीवर; चालताना घासे. अन् मैदानावर जाऊन पाह्यतो त काय, जिकडं पाहा तिकडं पांढरंच! मालक म्हणे, आता तू हरपली त मी तुले ओळखू कसा?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "माया बाप त हरपलाच होता, दोन दिवसांनं सापडला!" दुसरी म्हणाली, "आम्ही साताऱ्याकडनं गेलेलो, पायात चप्पल नव्हती." अचानक भिंतीजवळचा अंधार बोलायला लागला होता. प्रेमाला कळलं की तिथे बसलेल्यांपैकी पाच-सहा जणी त्या दिवशी तिथे होत्या, आणि हे टेकडीवरच्या पोरांनाही आज कळत होतं. शिवदासची आई द्रौपदी त्यांच्यातच होती. "आई, तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला. "तू कधी विचारलं?" ती म्हणाली.

"तिथले फोटू लय पाह्यले मी," सोनूबाई म्हणाली. "बाबासाहेबायचे पाह्यले. गर्दीचे पाह्यले. मी नाही त्यात. मायाकडं कोण पाहीन?" आणि फोटो सतरंजीवर परत त्याच्या जागी ठेवून ती भिंतीकडे गेली.

ठराव मात्र व्हायचा तोच झाला. फलकावर गेल्या वर्षीचे फोटो राहू द्यायचे. पुढल्या वर्षी स्टेशनवरच्या स्टुडिओवाल्याला रंगीत रोल घेऊन बोलवायचं. शिवदासने ते वाचून दाखवलं तेव्हा तो मामाकडे बघत नव्हता. मामाने काही म्हटलं नाही. म्हणालाच होता तो, तोंड उघडणार नाही. तो सतरंजीची एक बाजू धरून घडी घालू लागला. प्रेमाने चोवीस फोटो पाकिटात भरले. दारात सोनूबाईने तिचं मनगट धरलं. "तुही आंधळी किती उरली?"

"हातभर असेल, आजी. आठ-नऊ फोटो."

"आयतवारी बारा वाजता ये. मांग, चौथऱ्यावर. आम्ही नागपूरवाल्या सगळ्या येतो. तुले ऊन लागते ना?"

तीन दिवस ती जमिनीवर नव्हती. आणि तीन दिवस एक शंका तिच्या बोटात काचेच्या कणासारखी रुतून होती. त्या बायका पांढरं नेसून येतील, ती फोटो काढेल, आणि मग तो कशाचा फोटो असेल? प्रयोगशाळेत ते खोटं ठरलं असतं. जे एकोणतीस वर्षांपूर्वी घडलं ते आज भांडुपला उभं करायचं, म्हणजे पेनाने कड काढण्यासारखंच नाही का? पण शंकेवर बोट दाबलं की दुखण्याऐवजी तिला पुन्हा तो लोट दिसायचा, आणि ती फिल्मचा तुकडा डबीत भरताना गुणगुणत असायची.

रविवारी पावणेबाराला ती विहारामागच्या दगडी चौथऱ्यावर गेली तेव्हा मामा दोन बाकडी घेऊन आधीच आला होता. "कोणी सांगितलं नाही मला," तो म्हणाला, "आपणहून आणली." आणि बायका आल्या. सहा जणी. प्रेमा त्यांच्याकडे पाहतच राहिली. सहाही जणी निळं नेसून आल्या होत्या. जयंतीला नेसलेलंच, कडक घडीचं, धुऊन वाळवलेलं निळं.

"आजी, मला वाटलं तुम्ही पांढरं..."

"पांढरं कायले?" सोनूबाईने तिला वेड्यात काढलं. "तूनंच त भाषण केलं, निळ्याचं पांढरं होते म्हणून. आमच्या अंगावर निळं, तुह्या कागदावर पांढरं. मी पोरीयले बजावलं, लाल काही घालू नका गं बाई, काळं येते. ह्या द्रौपदीनं लाल झंपर घातला होता, वापस पाठवली."

"आणि माझं पान थुकायला लावलं," द्रौपदी म्हणाली. "म्हणे काळ्या तोंडाची दिसशील."

त्या हसत हसत बाकड्यांवर बसल्या, तीन पुढे, तीन मागे. कुणी पुढे बसायचं यावर भांडल्या, मग सोनूबाईने दंडाला धरून बसवल्या. प्रेमाने कॅमेरा पोटाशी टेकवून धरला. त्यांना समजलं होतं. बी.एस्सी.च्या वर्गातल्या निम्म्या पोरांना जे समजलं नव्हतं ते यांना एका संध्याकाळी समजलं होतं, आणि त्यांनी ते कामाला लावलं होतं. निळा सोडायची त्यांना गरजच नव्हती.

कुंपणापाशी शिवदास येऊन उभा राहिला होता. आज रविवार म्हणून खिशाला पेनं नव्हती. "आई, तू पण?"

"मी होते तिथे, तू नव्हतास तेव्हा," द्रौपदी मान न वळवता म्हणाली. "बाजूला हो. सावली पडते तुझी."

तो दोन पावलं सरकला. मामा खाली मान घालून हसला.

प्रेमाने डोळा लावला. चौकटीत सहा निळ्या बायका होत्या, आणि त्याच वेळी, त्याच बाकड्यांवर, तिला त्या पांढऱ्याही दिसत होत्या. बोट शटरवर गेलं आणि तिथेच थांबलं. तिने कॅमेरा खाली घेतला. बोलायलाच हवं होतं.

"आजी, एक सांगते. मी याच्या मागे तारीख लिहिणार. एकवीस एप्रिल, पंच्याऐंशी. भांडुप. नागपूरचा म्हणून मी हा कुणाला देणार नाही."

सोनूबाईने तिच्याकडे पाहिलं. डावीकडून, मग उजवीकडून, बाटलीकडे पाहावं तसं.

"लिही ना," ती म्हणाली. "तारीख खरी लिही. रंगाचं आमचं आम्ही पाहून घेऊ."